भावाला हार, बहिणीला फाटक

"आयुबोवन," दिव्याने हात जोडून म्हटलं आणि झेंडूचा हार पुढे केला.

समोरच्या वृद्ध गृहस्थांनी मान वाकवली नाही. हार दिव्याच्या हातात तसाच लोंबकळत राहिला. त्यांनी ट्रेमधल्या शहाळ्याच्या पाण्याकडे पाहिलं, पेल्याशेजारी खोचलेल्या इवल्याशा कागदी झेंड्याकडे पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्या आपल्या मुलीला तमिळमधून विचारलं, "आपण तंजावूरलाच आलोय ना?"

मुलीचा चेहरा उतरला. ते गृहस्थ वळले आणि काठी टेकत पुन्हा टॅक्सीकडे निघाले. मी काउंटरच्या मागून धावले.

मी त्या हॉटेलात फ्रंट ऑफिस मॅनेजर होते. फ्रंट ऑफिस म्हणजे पाहुण्याला हॉटेलात जे जे पहिल्यांदा भेटतं ते सगळं: दार, काउंटर, खोलीची किल्ली आणि स्वागताला उभी असलेली माणसं. यातलं काहीही चुकलं तर बोलणी मलाच बसायची. आता मी रिटायर झाले आहे. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण तिथली पोरं चांगली आहेत. पण त्या आठवड्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हा सगळा प्रताप 'नॅशनॅलिटी किट'चा. आमचे नवे जनरल मॅनेजर संपत सर चेन्नईच्या हेड ऑफिसातून आले, ते हे किट बरोबर घेऊनच. प्रत्येक देशाचं एक लॅमिनेट केलेलं कार्ड. वर त्या देशाचा स्वागताचा शब्द, मध्ये झेंडा, खाली त्या लोकांना काय आवडतं आणि त्यांच्याशी काय बोलू नये याच्या सूचना. जपानी पाहुण्यांसमोर वाका. फ्रेंचांना कॉफीबद्दल विचारा. जर्मनांना दिलेली वेळ पाळा. मग इटालियनांना दिलेली वेळ पाळायची नाही का, असं मी ट्रेनिंगमध्ये विचारलं होतं. संपत सर हसले नाहीत.

त्या गठ्ठ्यात एक कार्ड महाराष्ट्राचंही होतं. महाराष्ट्र हा देश नाही सर, असं मी म्हटलं, तर म्हणाले ते 'डोमेस्टिक किट' आहे आणि पद्मा, तू तर आपलं ॲसेट आहेस. मी तंजावूरची मराठी. माझे पूर्वज मराठी राजांच्या दरबारी कारकुनी करायला या गावात आले आणि इथेच राहिले. आम्ही घरी मराठी बोलतो, बाहेर तमिळ. देवनागरी मला येते ती हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे. आमच्या नात्यातल्या बहुतेकांना ती वाचताही येत नाही. महाराष्ट्रात मी आयुष्यात एकदाच गेले आहे, सोलापूरला एका लग्नाला, आणि तिथे मला भाषेपेक्षा भाजीच जास्त तिखट लागली.

तर अशा मला संपत सरांनी चेन्नईहून मागवलेली चमचमती नऊवारी नेसवली, नाकात दाबाची नथ लावली आणि मुंबई-पुण्याच्या ग्रुपसमोर उभं केलं. माझी आजी जन्मभर नऊवारी नेसली, पण ती असल्या जरीत कधी कुणाला दिसली नव्हती. ग्रुपमधल्या एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, किती गोड बोलता हो! मराठी कुठे शिकलात?" आईच्या कुशीत, असं ओठांवर आलं होतं. मी नुसतीच हसले, कारण कार्डावर 'स्माइल' असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी साडी हाउसकीपिंगला परत केली आणि पुन्हा नेसणार नाही असं सांगून टाकलं. माझ्यापुरता तो विषय तिथे मिटला. बाकीच्या जगाची कार्डं मात्र चालूच राहिली.

आता त्या गृहस्थांकडे येते. त्यांचं नाव कनकसबै. आयुष्यभर गणित शिकवलेलं, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत. पासपोर्ट कॅनडाचा. परदेशी पाहुणा आला की हॉटेलला त्याची माहिती पोलिसांना कळवावी लागते, त्यासाठी आम्ही पासपोर्टची प्रत आधीच मागवतो. संपत सरांनी ती प्रत पाहिली, जन्मस्थान जाफना आहे हे वाचलं आणि स्वतःच्या हाताने अरायव्हल लिस्टवर लिहिलं: 'श्रीलंका किट.' कॅनडाचं स्वागत तर कुणीही करेल, आपण पाहुण्याच्या मुळापर्यंत जायचं, असं त्यांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं. आयुबोवन हा तिथला स्वागताचा शब्द, म्हणून बिचाऱ्या दिव्याने तो पाठ केला. पण तो सिंहली भाषेतला. आणि मास्तर जाफन्याचे तमिळ.

हे सगळं माझ्या डोक्यात त्या पायऱ्या उतरतानाच जुळलं. त्या बेटावर तमिळांचं काय झालं हे तंजावूरमध्ये कोणाला सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं इकडच्या किनाऱ्यावर नावा भरून माणसं आली. तो झेंडा पाहून या माणसाला काय काय आठवलं असेल याचा विचार कार्ड छापणाऱ्याने केला नव्हता, आणि मीही अरायव्हल लिस्ट वाचून सही करताना केला नव्हता.

टॅक्सीपाशी पोचेपर्यंत मला काही सुचलं नाही. इंग्रजीतून माफी मागायची शिस्त होती, 'वुई रिग्रेट' वगैरे. मी ती सोडली आणि आमच्या दारात कोणी बाहेरचं आलं की आई जे म्हणायची तेच म्हणाले. "वांगो. उळ्ळे वांगो." म्हणजे या, आत या. 'वांगो' हे आमच्या घरांतलं जुन्या वळणाचं तमिळ. गावात आता कमी ऐकू येतं. जाफन्याकडे मात्र सगळेच असं बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं. मास्तर थांबले. माझ्याकडे वळून पाहत राहिले आणि म्हणाले, "हे आधी म्हणायला काय झालं होतं?"

मी त्यांना माझ्या मागच्या केबिनमध्ये नेलं. झेंडा उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. स्टीलच्या वाटी-पेल्यातून फिल्टर कॉफी मागवली. त्यांनी ती फुंकून प्यायली आणि मग शांतपणे बोलले. म्हणाले, तो शब्द वाईट नाही, दीर्घायुषी व्हा असा त्याचा अर्थ आहे. कोलंबोला शिकवत होतो तेव्हा माझ्या शेजारी सिंहली कुटुंब राहायचं, रोज सकाळी कुंपणावरून मला ते असंच म्हणायचे, आणि दंग्यांच्या वेळी त्यांनीच आम्हाला घरात लपवलं होतं. "पण मी ऐंशी वर्षांचा झालो. एकदा तरी अशा गावात राहावं म्हणून आलो जिथे बसच्या कंडक्टरपासून डॉक्टरपर्यंत सगळे माझ्या भाषेत बोलतात. आणि त्या गावाने मला पहिला शब्द तो ऐकवला."

मी माफी मागितली. त्यांना हॉटेल बदलायचं होतं. तेव्हा त्यांची मुलगी वासुकी हिने मला बाजूला घेऊन खरी अडचण सांगितली. मास्तरांची धाकटी बहीण तंगम्मा इथेच तमिळनाडूत आहे, निर्वासितांच्या छावणीत. युद्धात घर गेलं तेव्हा भाऊ कॅनडाला पोचला आणि बहीण नावेतून इकडे आली. त्यानंतर दोघं भेटलेली नाहीत. तिच्याकडे पासपोर्ट नाही, त्यामुळे ती कॅनडाला जाऊ शकत नाही. मास्तरांची तब्येत अशी की ते पुन्हा इकडे येतील याची खात्री नाही. रविवारी ती या हॉटेलात येणार होती. छावणीतून दिवसभर बाहेर राहायला परवानगी लागते, ती याच पत्त्यावर आणि त्याच दिवसापुरती मिळालेली होती. हॉटेल बदललं तर परवानगीचं सगळं पहिल्यापासून.

मास्तर राहिले ते बहिणीसाठी. आमच्यासाठी नक्कीच नाही.

त्या संध्याकाळी मी संपत सरांकडे गेले. त्यांना चूक पटली नाही असं नाही. पण त्यांना वाटलं की चुकीचं कार्ड वापरलं गेलं आहे, बरोबर कार्ड काढलं की झालं. मग या पाहुण्यांना काय म्हणायचं, एवढं एक मला सांग, असा त्यांचा धोशा. कॅनेडियन? श्रीलंकन तमिळ? कॉम्प्युटरमध्ये रकाना आहे, तो मोकळा सोडता येत नाही. मी म्हटलं, त्यांना कनकसबै म्हणायचं. ते म्हणाले, पद्मा, भावनिक होऊ नकोस. मी भावनिक नव्हते, मी संतापले होते. पण बाईमाणूस संतापलं की ऑफिसात त्याला भावनिक म्हणतात, त्यावर वाद घालण्यात मी तारुण्य घालवलं आहे, म्हातारपण घालवायचं नव्हतं.

रविवार उजाडला. मास्तर न्याहारी न करताच लॉबीत येऊन बसले. पांढरी स्वच्छ वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, आणि खांद्यावर अंगवस्त्र. बहिणीबरोबरच खाईन, म्हणाले. काचेचं दार उघडलं की ते उठायला बघायचे आणि पुन्हा बसायचे. वासुकी फोन लावत होती, पण आत्याचा फोन लागत नव्हता. किचनमध्ये मी केळीच्या पानावरच्या जेवणाची तयारी करून ठेवली होती. सकाळ सरली, लॉबीतले बाकीचे पाहुणे देवळाकडे निघून गेले, आणि मास्तर दाराकडे बघत तिथेच.

मला शंका आली. मी इंटरकॉमवरून गेटच्या सिक्युरिटीला विचारलं, कोणी बाई आल्या होत्या का? तो म्हणाला, "एक आहे मॅडम. केव्हाची इथे केबिनबाहेर उभी आहे. श्रीलंका म्हणते आणि पासपोर्ट नाही म्हणते. जीएम सरांना सांगितलंय. थांबवून ठेव म्हणालेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीसपस्तीस वर्षांनी भेटणारी सख्खी भावंडं, मध्ये फक्त आमची बाग आणि एक फाटक. भाऊ सोफ्यावर, बहीण उन्हात. आणि हे आमच्या जीएमना माहीत होतं.

मी त्यांच्या केबिनमध्ये न ठोठावता शिरले. त्यांनी शांतपणे समजावलं. बाहेरचा परदेशी माणूस पाहुण्याला भेटायला आला तर पासपोर्ट बघितल्याशिवाय लॉबीच्या आत सोडायचा नाही, असा कंपनीचा नियम आहे. त्या बाईंकडे फक्त छावणीचं ओळखपत्र आहे. शिवाय डायनिंग हॉलमध्ये आज दोन मोठे ग्रुप आहेत. मग त्यांनी तोडगा सुचवला. हॉटेलच्या मागे टुरिस्ट गाड्यांच्या ड्रायव्हरांना आराम करायला एक खोली असते. तिथे दोघांची भेट घालून देऊ. जेवणही तिथेच पाठवू, कॉम्प्लिमेंटरी.

त्या 'कॉम्प्लिमेंटरी'ने माझा उरलासुरला धीर संपला.

"सर, त्या राहायला आलेल्या नाहीत. जेवायला आल्यात. जेवायला येणाऱ्याचा पासपोर्ट आपण कधीपासून बघतो?"

"त्या फॉरेनर आहेत, पद्मा."

"परवा त्यांच्या भावाला आपण हार घालत होतो. त्याच घरात जन्मलेल्या भावाला. त्याच बेटाच्या नावाने झेंडा लावून. आणि बहीण दारात आली तर आपल्याला नियम आठवला?"

"मी व्हिजिटर एंट्रीत काय लिहू ते सांग. श्रीलंकन लिहिलं तर पासपोर्ट नंबर लागतो. इंडियन लिहिता येत नाही. रेफ्युजी लिहिलं तर हेड ऑफिस मला विचारणार."

"धाकटी बहीण लिहा."

"ती नॅशनॅलिटी नाही."

"माहीत आहे. हेड ऑफिसने विचारलं तर पद्माने लिहिलं म्हणून सांगा. सही माझी राहील."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बऱ्याच मोठ्या माणसांची संमती अशीच असते, म्हणजे पुढे अंगाशी आलं तर त्यांना काखा वर करता येतात. मी ती संमतीच धरली आणि गेटकडे चालू लागले.

तंगम्मा कडुनिंबाखाली उभ्या होत्या. बसायला खुर्ची दिली होती, पण बसल्या नव्हत्या. ठेवणीतली सुती साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी. मला बघताच त्यांनी ओळखपत्र पुढे केलं. इतक्या सवयीने केलं की मला लाज वाटली. मी ते त्यांच्या हातात परत दिलं आणि म्हटलं, "वांगो अक्का. अण्णा वाट बघतायत."

मी त्यांना बागेतल्या मधल्या रस्त्याने पुढच्या दारात आणलं. दिव्या तिथे उभी होती. तिच्याकडे ना हार, ना कार्ड. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तंगम्मांकडे, आणि दार उघडून धरत म्हणाली, "वांगो अक्का."

मास्तर उठले. काठी सोफ्यालाच टेकलेली राहिली. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली आणि कोणीच रडलं नाही. तंगम्मांनी भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "जेवला नाहीस ना अजून?"

"तू?"

"मी पण नाही."

मग मात्र वासुकी रडायला लागली, आणि काउंटरमागे मीसुद्धा.

ती दोघं मधल्या टेबलावर जेवली, केळीच्या पानावर. मी टेबलावर झेंडा ठेवला नव्हता, फुलंसुद्धा नव्हती. पिशवीतल्या पेपरातून ताडाच्या गुळाच्या ढेपा निघाल्या. मास्तरांना लहानपणी तो आवडायचा म्हणे. दोन मोठ्या ग्रुपमधल्या एकाही माणसाने मान वर करून बघितलं नाही. ते आपापल्या पापडात दंग होते.

पुढचं सांगून टाकते. मला मेमो मिळाला, नियम मोडल्याबद्दल. मी तो घरी नेऊन ठेवला. मग वासुकीने कॅनडाहून हेड ऑफिसला कौतुकाचं पत्र लिहिलं आणि संपत सरांनी चेन्नईला जाऊन 'परदेशस्थ पाहुण्यांचं आत्मीय स्वागत' या विषयावर प्रेझेंटेशन दिलं. त्यांना टाळ्या मिळाल्या. परत आले ते नवं कार्ड घेऊन. त्यावर छापलं होतं: 'श्रीलंका: वांगो म्हणा.' लॅमिनेट केलेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कोलंबोचं एक सिंहली डॉक्टर जोडपं आलं. दिव्याने नियमाप्रमाणे त्यांना 'वांगो' म्हटलं. दोघं भांबावून एकमेकांकडे बघू लागली. मी ते कार्ड काढून घेतलं, गठ्ठ्यातली सगळीच काढून घेतली आणि स्टोअररूममध्ये त्या नऊवारीच्या खोक्यात ठेवून दिली. माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच असतील.

पण मला सारखं आठवतं ते त्या रविवारी संध्याकाळचं. परवानगी संपायच्या आत तंगम्मांना परत पोचायचं होतं. वासुकी गाडी बोलवायला गेली. मास्तर वर खोलीत, दारात निरोप घ्यायला नको म्हणाले. मी तंगम्मांबरोबर त्याच फाटकाशी उभी होते. सिक्युरिटीने आता खुर्ची पुसून पुढे केली, पण त्या आताही बसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्ही मगाशी फोनवर घरच्यांशी बोललात ते तमिळ नव्हतं.

मी म्हटलं, मराठी. आम्ही घरी मराठी बोलतो.

"म्हणजे तुम्ही इथल्या नाही?"

"इथलीच. आमचे लोक बाहेरून आले."

"कधी?"

"झाली असतील तीनशे वर्षं."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशोब केला. "आणि लोक अजून विचारतात, मूळचे कुठले म्हणून?"

"रोज विचारतात."

"मग आमचं अवघड आहे," तंगम्मा म्हणाल्या, पिशवी सावरली आणि गाडीत बसल्या.

रिटायर होईपर्यंत मी काउंटरवर पुन्हा कोणाला 'मूळचे कुठले' असं विचारलं नाही. पोलिसांना जे कळवायचं ते पासपोर्टवरून कळवायची. माणसाला नाव विचारायची, आणि जेवण झालं का ते विचारायची. तेवढ्यात चेक-इन होतं.